लटारू मिस्त्रीच्या कामट्या

लटारू मिस्त्रीबद्दल मनसारामला किती ठाऊक होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर एका पोस्टकार्डावर मावेल आणि खाली सहीला जागा उरेल. मिस्त्रीचं आडनाव त्याला कधी कळलं नाही. गाव नागभीडच्या पलीकडे कुठेतरी, एवढंच. घरी कोण होतं, हे विचारायचं राहून गेलं. चहा तो बशीत ओतून प्यायचा आणि बशी खाली ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही. साठीच्या आसपासचा असावा. अशा माणसावर लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण तो एक दिवस मनसारामने जवळून पाहिला होता, आणि तो पाहणारं दुसरं कोणी आता उरलेलं नसावं.

गोष्ट १९५४ च्या डिसेंबरातली. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. जिल्हा कचेरीतला कारभार इंग्रजीतून मराठीत आणायचं काम जोरात चाललं होतं आणि त्यासाठी घेतलेल्या हंगामी कारकुनांपैकी मनसाराम एक. ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या घरातला, अक्षर सुरेख, स्वभाव भित्रा. एक जानेवारीला तो कायम व्हायचा होता. घरी वडिलांनी ही बातमी अर्ध्या गावाला आधीच सांगून टाकली होती.

बडेबाबूंनी, म्हणजे कचेरीच्या हेडक्लार्कांनी, त्याच्याकडे हत्यारांचं रजिस्टर दिलं. जंगलाचा जिल्हा, त्यामुळे बंदुका भरपूर. कोणाचा परवाना संपला, कोणी मालक वारला, की बंदूक कचेरीच्या मालखान्यात जमा व्हायची. आत आली की तिची खिटी काढून वेगळ्या पेटीत ठेवायची, म्हणजे कोणी बंदूक पळवली तरी तिचा उपयोग नको. खिटी हा शब्द नंतर बंदूकवाल्यांच्या तोंडून कळला. कचेरीत तिला बोल्ट म्हणत. दाराला खिटी असते तशीच ही, फक्त लोखंडी. गोळी आत ढकलायची, मूठ खाली वळवायची, की दार बंद. प्रत्येक खिटीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली असे आणि तिच्यावर बंदुकीच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे.

या चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या. मनसारामने एका दुपारी बसून त्या सगळ्या मराठीत केल्या, ठसठशीत, दौतीच्या काळ्या शाईने. बांधायचं काम डोमाचं. डोमा मालखान्याचा शिपाई, वीस वर्षं त्या खोलीत काढलेला. मनसारामला बंदुकीला हात लावायचीच भीती वाटे, म्हणून तो दारातूनच म्हणाला, "डोमाभाऊ, जुनी चिठ्ठी पाहून नवी बांधजा बरं."

"हाव बाबू. हे काय मले सांगा लागते?" डोमा म्हणाला.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, बल्लारपूरचा लाकूड ठेकेदार नवा परवाना घेऊन आला आणि आपली रायफल घेऊन गेला. गाडी धरायची घाई होती. रायफल खोळीत, खिटी फडक्यात, सही केली आणि निघाला. सोमवारी रामाजी पाटील आले. हे मूलच्या बाजूचे. वडील वारल्यावर त्यांची रायफल जमा झाली होती, आता परवाना मुलाच्या नावावर झाला होता. पाटील सावकाश माणूस. त्यांनी व्हरांड्यात बाकावर बसून खोळ उघडली, रायफल मांडीवर घेतली आणि डोमाने दिलेली खिटी आत सरकवली.

ती चार बोटं गेली आणि अडकली. मूठ काही खाली वळेना.

"काऊन रे डोमा, हे बसून नाई राह्यली."

"वर्सभर पडून होती जी. गंजली असंल."

डोमाने तेल घातलं. पाटलांनी पुन्हा रेटून पाहिली. तिथेच अडकली.

"हे माह्या बाबाची खिटी नाई," पाटील म्हणाले. "बाबू, बदलली तुमी लोकांनी."

मनसारामने रजिस्टर उघडलं. चिठ्ठीवर ११. रजिस्टरमध्ये पाटलांच्या रायफलीचा नंबर, शेवटी ११. मग त्याने धीर करून, बोटाला फडकं गुंडाळून खिटी हातात घेतली आणि मुठीच्या बुडाशी ठोकलेले बारीक आकडे उजेडात धरले. वंगणाने बुजलेले, पण दिसत होते. दोन आकडे, दोन्हींना डोक्याला गोल. ११.

"पाटीलभाऊ, नंबर मिळून राह्यला. चिठ्ठीचा, रजिस्टरचा, खिटीचा. तिन्ही."

"नंबर मिळते त बसत काऊन नाई?"

तेवढ्यात डोमा आत जाऊन कानस घेऊन आला. "थोडीशी घासून देतो जी. पुढचा कान जरासा मोठा वाटून राह्यला. आता बसवतो पाहा."

आतून बडेबाबूंचा आवाज आला, "मनसाराम, पाटलांचं झालं का? पाच वाजेपर्यंत पावती पाहिजे मला."

मनसारामला वाटलं, घासू द्यावं. दोन हात मारले की बसेल, पाटील जातील, पावती होईल, आणि जानेवारीला फक्त एकोणीस दिवस राहिलेत. तो "घास" म्हणणारच होता, पण पाटलांनी रायफल छातीशी धरली.

"लोखंडाले हात लावाचा नाई. लटारू मिस्त्रीले बोलवा. हा कुंदा त्यानंच घडवला. तो सांगन."

असा लटारू मिस्त्री मनसारामच्या आयुष्यात आला. जटपुरा दरवाज्याच्या आत, परकोटाच्या भिंतीला टेकून त्याचं छप्पर होतं. धंद्याने सुतार. खाटेचे पाय, चौकटी, आणि बंदुकांचे कुंदे, म्हणजे मागचे लाकडी दस्ते. जिल्ह्यात जंगलात पडून, बैलगाडीतून घसरून, पावसात भिजून कुंदे फार फुटायचे, आणि ते बिजाच्या नाहीतर शिसमाच्या लाकडात नव्याने कोरून द्यायचं काम त्याच्यासारखं कोणी करत नसे. गंमत अशी की त्याने जन्मात एक बार काढला नव्हता. पाटलांनी एकदा, घे बापा, तूच काढ पहिला, म्हणून बंदूक पुढे केली तर त्याने दोन्ही कान झाकून घेतले होते म्हणे.

तो आला तो काखेत बांबूच्या कामट्यांची जुडी घेऊन. वीतभर, दीड वीत लांबीच्या चपट्या कामट्या, प्रत्येकीला खाचा, प्रत्येकीच्या टोकाला वेगळ्या रंगाचा दोरा. आधी त्याने सगळ्यांना रामराम केला, डोमालासुद्धा. मग खाली बसला. रायफल मांडीवर उलटी घेतली, जसं कोणी लहान मूल पालथं घालतं. कुंद्याचे दोन स्क्रू काढले आणि लोखंड लाकडातून अलगद वर उचललं.

"ही बॉडी," तो मनसारामला म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं, पण मनसारामचा चेहराच तसा झाला असावा. "मागं कुंदा, पुढं नळी, आन् मधात ही. खिटी हिच्यात चालते. लोक बंदूक वरून पाह्यतात जी. मी खालून पाह्यतो. मले लाकडात हिची बिछायत करा लागते. काजळी लावून दाबतो, जिथी काळं उमटलं तिथी कोरतो. म्हून मले हिचं पोट माहीत हाय."

जुडीतून त्याने हिरव्या दोऱ्याची कामटी ओढली आणि बॉडीच्या पोटाला लावली. दोन स्क्रूंच्या भोकांवर दोन खाचा नेमक्या बसल्या.

"हे पाटलाचीच हाय. धाकटी."

"धाकटी म्हणजे?"

"त्या कारखान्यात तीन बहिनी हाय जी. शिक्का एक, चेहरा एक. धाकटी हरणाची. काडतूस लहान, बॉडी आखूड. मधली पलटणीच्या साच्यातली, तिच्या डाव्या भिताडाले अंगठ्याएवढी खाच असते, पट्टीतून काडतुसं दाबाले. आन् थोरली मोठ्या जनावराची, लांब, जड. तिच्यापायी कुंद्यात लाकूडच नाई उरत, म्हून तेच कुंदे जास्त फुटतात." मग त्याने खिटी उचलली, लाल दोऱ्याच्या कामटीशी धरली आणि शांतपणे खाली ठेवली. "हे थोरलीची खिटी. धाकटीच्या घरात कशी मावंन?"

"आणि घासली तर?" मनसारामने विचारलं.

मिस्त्रीने डोमाच्या हातातली कानस पाहिली. "बसन. पण पकडणार नाई. मंग बार झाला का हे खिटी मागं येईन, पाटलाच्या तोंडावर."

डोमाने कानस पाठीमागे घेतली.

"पण मिस्त्री, नंबर मिळतो ना," मनसाराम जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मले नंबर नाई समजत बाबू. तुमी शिकले सवरले. दोन्ही बाजूबाजूले ठेवून पाहा बरं."

मनसारामने खिटी बॉडीच्या शेजारी ठेवली. बॉडीवरचा आकडा रजिस्टरात लिहिलेला होताच, म्हणून तो त्याने आजवर पाहिलाच नव्हता. आता पाहिला. शेवटी दोन सरळ उभ्या काठ्या. 11. आणि खिटीवर डोक्याला गोल असलेले ते दोघे. एका कारखान्यात, एका हातोडीने ठोकलेला एक हा एकीकडे काठी आणि दुसरीकडे गोलवाला कसा असेल?

ते ११ नव्हतंच. ते इंग्रजीतलं 99 होतं.

"मी बी तेच म्हणतो!" डोमा ओरडला. "चिठ्ठीवर नव्याण्णव होतं ना! हे पाहा!" आणि त्याने मनसारामच्या सुरेख अक्षरातली ११ ची चिठ्ठी नाचवली. "नाइन नाइन! म्हून मी नाइन नाइनले बांधली!"

डोमाला आकडे येत ते मालखान्यातले, इंग्रजी. त्याने मराठी अकराला नव्याण्णव वाचलं. मनसारामच्या डोळ्यांत पंधरा दिवस मराठी आकडे भरलेले, त्याने इंग्रजी नव्याण्णवला अकरा वाचलं. ठेकेदाराच्या रायफलीचा नंबर ९९ वर संपत होता, ती चिठ्ठी उरलेल्या ११ च्या खिटीला गेली. दोघांच्या मधून खिट्या सरळ अदलाबदल होऊन गेल्या होत्या, आणि कोणीही एक जरी जरा कमी शिकलेला असता तरी हे घडलं नसतं.

पाटील पोट धरून हसायला लागले. मनसारामला हसू येईना, कारण त्याला पुढचं दिसलं. पाटलांची खिटी शनिवारीच ठेकेदाराच्या फडक्यातून बल्लारपूरला गेली होती. आणि ठेकेदाराकडेही कानस असणारच.

मिस्त्रीने कामट्या बांधल्या. "गाडी कितीची हाय?"

"तुम्ही येता?"

"तुमाले बंदुकीची भीती वाटते," मिस्त्री म्हणाला. "मलेबी वाटते. दोघं असलो का जरा बरं."

बडेबाबूंना मनसारामने एवढंच सांगितलं की खिटी बदलली आहे, आणायला जातो. बडेबाबू चष्म्यावरून बघत राहिले. गाडीत मनसाराम खिडकीशी बसला आणि मनात ठेकेदारासमोरची वाक्यं जुळवत राहिला. मिस्त्री समोर बसून डब्याच्या बाकाच्या सांध्यावरून अंगठा फिरवत होता. "घाईत केलं हे," तो एकदा म्हणाला. प्रवासभरात तो बोलला ते एवढंच.

ठेकेदाराची लाकडाची वखार स्टेशनपासून जवळ. सागाच्या ओंडक्यांच्या मधे एक लोहारसाळ होती आणि तिथे झाडू लोहाराने रायफलीची बॉडी शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरली होती. खिटी आत सैल खुळखुळत होती, मूठ वळतच नव्हती, म्हणून बॉडीचीच खाच वाढवायचं ठरलं होतं. ठेकेदार डोक्यावर उभा.

"अरे बाबू! अच्छा हुआ आ गये!" तो मनसारामवर तुटून पडला. "ये क्या दिया आपने? एक ही कंपनी का माल है, फिर बैठता क्यों नहीं?"

मनसाराम गाडीत जुळवलेली वाक्यं आठवू लागला. मिस्त्री सरळ लोहाराशेजारी जाऊन उकिडवा बसला.

"झाडूभाऊ, कानस जराशी ठेवता का जी? माहा हात कापते तिच्या आवाजानं."

झाडूने कानस ठेवली. मिस्त्रीने त्यातली खिटी ओढून काढली, आपल्या कोटाच्या खिशातून थोरलीची खिटी काढली, तिला धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आत सरकवली. ती शेवटपर्यंत गेली. मूठ खाली आली. खट्.

तो आवाज मनसारामला फार गोड वाटला.

"एक कंपनी का माल है मालिक," मिस्त्री आता ठेकेदाराकडे वळून आपल्या मराठमोळ्या हिंदीत म्हणाला, "पण बहिनी अलग अलग है."

ठेकेदाराला शांत व्हायला वेळ लागला. बॉडीच्या कडेवर कानशीचा एक ओरखडा आलाच होता, आणि तो म्हणत होता की मी साहेबाला लिहिणार. मिस्त्रीने विटेची पूड मागितली, तेल मागितलं, आणि अर्धा तास चिंधीने ओरखड्यावर घासत बसला. मधे ठेकेदाराच्या घरून चहा आला. शेवटी ठेकेदाराने बॉडी उन्हात तिरपी धरून पाहिली, ओरखडा शोधला, सापडला नाही, आणि जरा हिरमुसला.

परतीच्या गाडीत पाटलांची खिटी मनसारामच्या मांडीवर होती. आता त्याला तिची भीती वाटत नव्हती. त्याने बोटाने धुळीत, बाकावर, दोन आकडे काढले. एक इंग्रजी नऊ, शेजारी मराठी एक.

"हे पाहा मिस्त्री. हा नऊ. हा एक. अशी फसगत झाली."

लटारूने बराच वेळ पाहिलं. मग त्याला खूप हसू आलं. "म्हणजे तुमचे आकडे बी बहिनीच. चेहरा एक, पोट अलग." थोड्या वेळाने म्हणाला, "बडेबाबूले काय सांगसान?"

मनसाराम हाच विचार करत होता. चिठ्ठी डोमाने बांधली होती. त्याचं नाव सांगणं फार सोपं होतं. डोमाची नोकरी वीस वर्षांची, त्याला थोडी बोलणी बसली असती, आणि मनसारामची तर जेमतेम सुरू व्हायची होती. त्याने हे मिस्त्रीला आडवळणाने सांगून पाहिलं, म्हणजे, चिठ्ठी तर डोमाने, वगैरे.

मिस्त्रीने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "माह्याकडून खाच चुकली का," तो म्हणाला, "तो ढलपा मी चुलीत घालतो आन् दुसरं लाकूड घेतो. कोणाले दाखवत नाई. पण तुमचं कचेरीचं काम, तिथी चूल नाई." आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

याचा अर्थ काय, हे मनसारामला आजही नीट सांगता येणार नाही. पण पाचाच्या आत कचेरीत पोचल्यावर त्याने आधी पाटलांच्या रायफलीत खिटी बसवली, स्वतःच्या हाताने, मग पावती केली, आणि तिसरं, एका कोऱ्या कागदावर लिहिलं की आकडा वाचण्यात आणि लिहिण्यात माझी चूक झाली, शिपाई डोमा याचा दोष नाही.

बडेबाबूंनी कागद दोनदा वाचला. "मराठी इतकी अंगात भिनली काय तुझ्या?" ते म्हणाले. मग हसू आवरत नाही असं पाहून त्यांनी तोंडावर रुमाल घेतला. दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला की हत्यारांचे आकडे इंग्रजीतच राहतील. एक जानेवारीला मात्र कायम होणाऱ्यांच्या यादीत मनसारामचं नाव आलं नाही. तो घरी कळवायला पत्र लिहून बसला होता, ते फेब्रुवारीत फाडलं, कारण तेव्हा नाव आलं. वडिलांनी उरलेल्या अर्ध्या गावाला सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षं मनसाराम अधूनमधून जटपुऱ्याकडे जात राहिला. गप्पा म्हणाव्या अशा काही झाल्या नाहीत. मिस्त्री कोरत असायचा, मनसाराम बघायचा. एकदा त्याने कामट्यांवर नंबर लिहून देऊ का विचारलं. मिस्त्रीने जुडी हलकेच आपल्याकडे ओढून घेतली, आणि मनसारामने पुन्हा तो विषय काढला नाही. आणखी एकदा फुटका कुंदा घेऊन कोणी आलं, तर मिस्त्रीने बंदूक पालथी करायच्या आधीच मनसाराम म्हणाला, "थोरली." मिस्त्रीने नुसतं वर पाहिलं आणि लाल दोऱ्याची कामटी काढली.

१९५७ च्या मार्चमध्ये मनसारामची गडचिरोलीला बदली झाली. तिथल्या भाड्याच्या खोलीचं दार धड लागत नव्हतं, त्याला खिटी नव्हती. एका रविवारी चांद्याला सामान न्यायला आला तेव्हा त्याने मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्रीने माप विचारलं. मनसारामने वीत आणि दोन बोटं दाखवली. मिस्त्रीने तेवढ्यावर सागाची एक खिटी घडवून दिली. पैसे घेतले, रुपयातले बारा आणे, आणि चार आणे परत केले.

पुढे तो कधी वारला, हे मनसारामला कळलं नाही. बऱ्याच वर्षांनी तो त्या वाटेने गेला तेव्हा छपराच्या जागी सायकलचं दुकान होतं आणि कामट्यांचं कोणाला काही ठाऊक नव्हतं. त्याने फार विचारलंही नाही. विचारायचा त्याचा स्वभाव नव्हता.

पण खिटी नेल्यावर महिनाभराने एकदा भेट झाली होती. बस सुटायच्या बेतात होती, मनसाराम खिडकीत, आणि मिस्त्री खांद्यावर फळी घेऊन रस्त्याने चाललेला. त्याने खालूनच हात वर केला.

"बाबू, खिटी बसली का?"

"बसली मिस्त्री. नेमकी बसली."

"घासा त नाई लागली?"

"नाही लागली."

"मंग झालं," मिस्त्री म्हणाला.